पदराची बाजू

माझ्या छातीतली गाठ डाव्या बाजूला निघाली, आणि पदरही डाव्याच खांद्यावर येतो. एवढ्याशा गोष्टीनं माणूस किती जेरीला येऊ शकतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. ऑपरेशन मी निभावलं. औषधांचे डोस निभावले, उलट्या निभावल्या, केस गेले तेव्हा आरशाकडे पाठ करून बसले आणि तेही निभावलं. अडकले ती शेवटच्या, सगळ्यांनी सोपं ठरवून टाकलेल्या कामात. रेडिएशनला आमच्याकडे लाईट म्हणतात. "आता काय, नुस्ती लाईट तर घ्यायचीय," असं म्हणून माणसं चहा पिऊन जायची.

लाईट महिना-सव्वा महिना रोज घ्यायची होती, शनिवार-रविवार सोडून. आमचं गाव श्रीगोंद्याच्या पुढं. तिथून रोज एसटीचे धक्के खात नगरला यायचं म्हणजे भरत आलेली जखम पुन्हा दुखावून घ्यायची. शिवाय नेमकी तेव्हाच आमच्या उसाला तोड आली. कारखान्याची टोळी एकदा फडात उतरली की मालकाला तिथून हलता येत नाही. "तुमी ऊस बघा, माझं मी बघते," असं मीच नवऱ्याला म्हणाले. मग ठरलं की मी नागापूरला थोरल्या दिरांकडे राहायचं. दीर एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस मशीनवर, जाऊबाई मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला, मुलं पुण्याला शिकायला. तिथं भरपूर जागा आहे, असं सगळे म्हणत होते.

ती भरपूर जागा म्हणजे चाळीतल्या एकामागे एक दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीत दिवाण, टीव्ही आणि घरातला एकुलता एक पंखा. मागं स्वयंपाकघर, त्याच्याच कोपऱ्यात मोरी-संडास, आणि एक झरोका, तोही शेजारच्या वर्कशॉपच्या भिंतीकडं तोंड करून. भिंतीपलीकडं दिवसभर ग्राइंडर किरकिरायचा. दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, पडदा होता. बाहेर पडायचं तर पुढच्या खोलीतूनच पडायचं, आणि पुढच्या खोलीत दिवसभर दीर झोपलेले असायचे, कारण त्यांची कायमची रात्रपाळी होती.

आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिरापुढं डोक्यावरून पदर घेते, तो दोन्ही खांद्यांवरून ओढून पुढं मुठीत धरते, आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. माझ्या लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती आणि त्या माणसाशी मी एक अख्खं वाक्य बोलले नव्हते. तसे ते गरीब स्वभावाचे. पण रीत म्हणजे रीत. आमचं बोलणं पडद्याशी चालायचं. "चहा झालाय म्हणावं," असं मी पडद्याला सांगायची आणि पलीकडून ते पडद्यालाच सांगायचे, "ठिवून द्या म्हणावं." पाणी हवं असलं की रिकामा तांब्या पडद्याखालून आत यायचा, भरून मी तो तसाच बाहेर सारायची. उठायच्या आधी ते खोकायचे, मी बांगड्या वाजवायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की यात हसण्यासारखं काही आहे, असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

पहिल्या दिवशी दवाखान्यात लाईटच्या मशीनवरच्या मुलीनं माझ्या छातीवर आणि काखेत जांभळ्या शाईनं रेघा मारल्या. वयानं माझ्या लेकीएवढी, पण बोलणं हेडमास्तरणीचं. "काकू, नीट ऐका. या खुणा पुसायच्या नाहीत. साबण नाही, पावडर नाही, तेल नाही, आणि कुणी कितीही शपथा घातल्या तरी हळद नाही. कोमट पाणी वरून नुसतं सोडायचं, घासायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं. उन्हात फिरायचं नाही, गॅसपुढं उभं राहायचं नाही. कपडे सुती आणि सैल. घरात असाल तेव्हा ही बाजू जमेल तेवढी उघडी ठेवा, वारा लागू द्या."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर कातडी फाटते. जास्त फाटली की डॉक्टर लाईट मध्येच थांबवतात. आणि लाईट मध्ये थांबलेली चांगली नसते काकू. आजाराला तेवढीच सवड मिळते."

एवढं सगळं सोसल्यावर आता कातडीपायी आजाराला सवड द्यायची? काही झालं तरी लाईट न थांबता पुरी करायची, हे मी तिथंच, त्या गार टेबलावर पडल्या पडल्या ठरवलं.

ठरवायला काय जातं! घरी आले आणि पहिल्यांदा काय केलं, तर उंबऱ्यातच पदर डोक्यावर घेऊन गच्च आवळला. जाऊबाई मनानं मोठ्या. त्यांनी आपली जुनी सुती लुगडी काढून दिली, ढगळ पोलकं शिवून आणलं. स्वतः त्या घरात गाऊन घालायच्या, वर खांद्यावर टॉवेल टाकायच्या. पण ते त्यांच्या नवऱ्यापुढं. मी दिरांपुढं गाऊनवर फिरणं म्हणजे गावाकडं सासूबाईंनी अंथरूण धरलं असतं. त्यामुळं पोलकं ढगळ असून उपयोग नव्हता, त्याच्यावरून पदराचे पीळच्या पीळ नेमके त्या रेघांवर यायचे. चालताना काखेत घासायचे, घाम आला की चिकटून बसायचे.

मला याचा राग राग यायचा. दवाखान्यात मी परक्या पोरापोरींपुढं हात डोक्यावर घेऊन कमरेपर्यंत उघडी पडायची, आणि तिथं कुणालाच काही वाटायचं नाही. दोन-चार दिवसांत मलाही वाटेनासं झालं. आणि घरी एका झोपलेल्या माणसासाठी मी विड्याच्या पानासारखी गुंडाळलेली.

जाणं-येणंही तसंच. सकाळी पाळीवरून आले की दीर मला लाईटला घेऊन जायचे. घेऊन जायचे म्हणजे मी रिक्षात आणि ते मागून मोटारसायकलवर. थोरल्या दिराच्या मागं गाडीवर बसायचा प्रश्नच नव्हता. मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुरळ्यातून एकाच घरची दोन माणसं दोन वाहनांनी एकाच दारात चालली आहेत, असा आमचा थाट. एकदा रिक्षावाल्यानं मला हळूच विचारलं, "काकू, ती मागची गाडी वळखीची हाय का? रोज आपल्या मागं लागतीय." मी पदराआड हसले, ते त्या महिन्यातलं बहुतेक एकच हसणं.

दुपारी पत्रा तापायचा. जाऊबाई कामावर, दीर पुढं पंख्याखाली, मी मागं गॅसशेजारी. एकदा हिय्या करून पडद्याआड पोलक्याची बटणं सोडून बसले. तर पुढच्या पंख्याच्या वाऱ्यानं पडदा वीत-वीत उडायला लागला. मी झटक्यानं पदर ओढला, तो इतक्या जोरात की काखेत कळ गेली. बरं, दीर बाहेर गेले असते तरी बाहेरचं दार उघडंच. आमच्या चाळीत दिवसा कडी कुणी लावत नाही. आजारी बाई आलीय म्हणून कुणी ना कुणी डोकावायचंच. आणि घरात दीर-भावजय दोघंच असताना मी आतून कडी लावली असती, तर चाळीला वर्षभर दुसरा विषय लागला नसता.

बघता बघता ती बाजू आधी लाल झाली, मग काळपट, चुलीत भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. एका संध्याकाळी जाऊबाईंनी बघितलं आणि त्या खालीच बसल्या.

"अगं बया! थांब, तूप लावते."

"तूप चालत न्हाई म्हनलीय ती."

"मंग काय नुस्तं बघत बसायचं व्हय?"

"वारा लागायला पायजे. उघडं राह्यलं पायजे. बाई, तुमी भाऊजींना सांगता का, की दुपारचं जरा..."

"काय सांगू?" त्या एकदम चिडल्या. "धाकटी उघडी बसनार हाय, तुमी बाहेर जावा, असं सांगू? आन् दिवसा झोप न्हाई झाली तर रातच्याला प्रेसमधी हात जाईल त्यांचा. मागच्या साली एकाची बोटं गेली तिथं."

त्यांची झोप पुढच्या खोलीत होती आणि माझी कातडीही तिथंच वाचणार होती, पंखा एकच. मी पदर पुन्हा सारखा केला आणि भाकरी थापायला बसले. जाऊबाईंनी माझ्या हातातलं पीठ ओढून घेतलं आणि मला गॅसपासून लांब, मोरीच्या कडेला बसवलं.

अखेर काखेतली कातडी फाटली. सकाळी पोलकं काढताना कापडाबरोबरच निघाली. डॉक्टरांनी बघितलं, मलम लिहून दिलं आणि म्हणाले, आठवडाभर थांबू, भरून आलं तर पुढं सुरू करू. "आलं तर" हे दोन शब्द माझ्या कानात घुमत राहिले. मी रडले नाही, पण मशीनवरच्या त्या मुलीला राहवलं नाही. ती माझ्याबरोबर बाहेर आली आणि घरचा पुरुष म्हणून थेट दिरांपुढं जाऊन उभी राहिली.

"काका, घरी यांना मोकळं राहू देत नाही का तुम्ही? पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, छाती उघडी ठेवा, वारा लागू द्या. इथं येतात तेव्हा पदराचे वळ उठलेले असतात अंगावर! तुमच्या मानपानासाठी यांची ट्रीटमेंट थांबवायची का?"

अख्ख्या व्हरांड्यानं ऐकलं. छाती हा शब्द माझ्या थोरल्या दिरांसमोर, माझ्याबद्दल! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी फरशीकडं बघत होते, तेही फरशीकडंच बघत होते. मग ते वळले आणि माझ्यासाठी रिक्षा आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई कामावर गेल्या. दीर पाळीवरून आले, चहा प्यायले, खोकले. आता दिवाणावर पडतील असं मला वाटलं. पण चपलांचा आवाज झाला, दार ओढलं गेलं आणि बाहेरून कुलूप लागलं.

मी धावत जाऊन दार ओढलं. खरंच कुलूप. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शेळ्या कोंडतात तसं कोंडून गेले मला! काल त्या मुलीनं चारचौघांत बोलून दाखवलं त्याचा राग काढला, असंच वाटलं. दोन-तीनदा दार हलवलं, मग गप्प बसले, कारण ओरडून बायका गोळा केल्या असत्या तर सांगायचं काय? भिंतीला टेकून बराच वेळ धुमसत राहिले. समोर रिकामा दिवाण होता. वर पंखा फिरत होता.

शेवटी उठले, पदर खाली सोडला, बटणं सोडली आणि पंख्याखाली हात वर करून पडले. फाटलेल्या जागेला वारा लागला आणि मला रडूच कोसळलं. रागाचं रडू होतं. पण बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचाही राग येत होता.

संध्याकाळी मी जाऊबाईंवर बरसले. त्यांनी शांतपणे पिशवी ठेवली. "कोंडलं म्हंजी काय? कुलूप बघितल्यावर बाया माघारी जात्यात. उघडं बसायचं हुतं ना तुला? मंग बस की."

"आन् आत काय पेटलं-बिटलं तर?"

"काय व्हत न्हाई. घाबरू नको."

"ते कुठं झोपत्यात मंग?"

"कंपनीत म्हनले. सायकल स्टँडच्या मागं गारवा असतो."

तसे दिवस सुरू झाले. खिडकी नाही, दार नाही, टीव्ही लावायचा नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं, कारण घरात कुणी नाही असं बाहेर दिसायला हवं. बायका यायच्या, "कुलूप हाय गं," असं का कोण जाणे दबक्या आवाजात म्हणून जायच्या. भाजीवाला ओरडत जायचा. ग्राइंडर सुरू झाला की मी मोठ्यानं शिव्या द्यायची, कुणाला असं नाही, सगळ्यांनाच. तुरुंगातल्या बाईला निदान काय केलं म्हणून आत टाकलं ते ठाऊक असतं. मी काय केलं होतं? पण जखम सुकत होती, हेही खरं. खपली धरली, खालून गुलाबी कातडी दिसायला लागली. डॉक्टरांनी लाईट पुन्हा सुरू केली आणि बजावलं, "आता मात्र खंड नको."

लाईट सुरू होऊन काही दिवस झाले असतील. त्या सकाळी दवाखान्यात गेलो तर मशीन बंद पडलेलं. दुरुस्तीची माणसं आली होती. "दुपारी तीनला या," मुलगी म्हणाली. "नक्की या. चारनंतर पुन्हा बंद ठेवणार आहेत, मग उद्याचीही खात्री नाही." दिरांनी मान हलवली. आम्ही परत आलो, मी आत गेले, कुलूप लागलं.

अडीच वाजता मी तयार होऊन दाराशी बसले. दीर आले नाहीत. पावणेतीन झाले. जाऊबाईंना फोन लावला, पण कारखान्यात फोन गेटवर जमा करावे लागतात. दिरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याचा नंबर कशाला ठेवायचा? आठवडा आधीच बुडाला होता. आता आज बुडाला, उद्याचा भरवसा नाही, आणि मी अंगानं धडधाकट, पायात चप्पल घालून, एका कुलपाआड बसलेली. मी नवऱ्याला फोन लावला. तो फडात होता, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "थांब, मी दादाला लावतो," म्हणाला.

आणि फोनची घंटी दारातच वाजली.

अगदी दाराला लागून, खाली. वाजून वाजून थांबली, पुन्हा वाजली. मी गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीला डोळा लावला. बाहेर ओट्यावर पोतं टाकून दीर झोपले होते. सायकल स्टँड नाही आणि गारवा नाही. स्वतःच्याच बंद दारापुढं, पाय दुमडून, हातात किल्ली धरून. पत्र्याची सावली केव्हाच सरकून गेली होती आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर होतं. गालावरची, दंडावरची कातडी उन्हानं सोलून निघाली होती. इतके दिवस हा माणूस इथंच होता आणि मी आत बसून त्याला शिव्या देत होते.

फोन तिसऱ्यांदा वाजला. त्यांना जाग नाही. मध्ये पडदा नव्हता, जाऊबाई नव्हत्या, निरोप घ्यायला कुणीच नव्हतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं आणि चाळीच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "भाऊजी! उठा! माझी लाईट जाईल!"

ते ताडकन उठले. झोपेच्या भरात कुलपात किल्ली जाईना. दार उघडलं तेव्हा मी समोरच उभी होते, डोक्यावर पदर नाही, नुकते उगवलेले केसांचे खुंट तसेच. त्यांनी मान खाली घातली.

"रिक्षा बघतो," ते जमिनीला म्हणाले.

"रिक्षा कवा मिळायची? गाडी काढा."

मी त्यांच्या मागं बसले. चाळीतल्या बायका दारादारांत येऊन बघत होत्या, त्यांना बघू दिलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती. "आलात? चला, आत चला," म्हणाली, आणि त्या दिवसाची लाईट झाली.

परत आलो. दिरांनी कुलूप काढलं, बाजूला झाले आणि मी आत जायची वाट बघत उभे राहिले, पुन्हा बाहेरून लावायला. मी उंबऱ्यातच थांबले.

"कुलूप द्या इकडं."

त्यांनी दिलं. मी ते टीव्हीच्या मागं टाकलं.

"आजपासून तुमी आतच झोपायचं, पंख्याखाली. मी बी पंख्याखालीच बसनार हाय, मोकळी. तुमी भिताडाकडं तोंड करा."

ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत हळू म्हणाले, "लोकं काय म्हनत्याल?"

"लोकांची कातडी न्हाई फाटत, भाऊजी. तुमची फाटली, माझी फाटली."

त्यांनी एकदा गालावरून हात फिरवला. "व्हय," म्हणाले. चपला काढून आत आले, उशी दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी मागं जाऊन जाऊबाईंचा गाऊन चढवला, वरची बटणं मोकळी सोडली आणि पुढं येऊन पंख्याखाली दाराकडं पाठ करून बसले. दार उघडंच ठेवलं. थोड्या वेळानं दीर घोरायला लागले. तेवढ्यात चाहूल लागली. मान वळवली तर शेजारची बाई उंबऱ्यात. तिनं माझ्याकडं बघितलं, दिवाणाकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून तिथंच थबकली.

"या की," मी म्हणाले. "पर हळू बोला. भाऊजी झोपल्यात."